साठवलेली फंक्शने आणि मराठीचा क्रम

(सुलतान बाजार, हैदराबाद येथे लेखक, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या मनात आले असेल की डेटाबेस, फंक्शन वगैरे गोष्टी हायटेक सिटीत शोभतात. सुलतान बाजारात, भाषेच्या मंडळींसमोर त्यांचे काय काम? मला मात्र ही जागा अगदी योग्य वाटते. पूर्वीच्या रेसिडेन्सी बाजाराचा हा परिसर. श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय १९०१ साली याच भागात सुरू झाले. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजु लक्ष्मणराव नागपुरात शिकलेले होते आणि मराठीतही लिहीत. पुढे १९०७ मध्ये जवळच विवेक वर्धिनी ही शाळा उभी राहिली. आजही कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तके एकाच ढिगात मिळतात. अशा ठिकाणी हवे ते पुस्तक सापडणे हे नेहमीच एखाद्या जाणत्या माणसावर अवलंबून राहिले आहे. ग्रंथपालाला तुम्ही ‘सुलतान’ म्हणा की ‘सुल्तान’, तो बरोबर कप्पा उघडत असे.

आता सूची संगणकात गेली आहे. वाचक शब्द टाइप करतो आणि पडद्यावर उत्तर येते, ‘नोंद आढळली नाही’. पुस्तक कपाटात असते, नोंद तक्त्यात असते, तरी वाचक रिकाम्या हाताने परततो आणि समजतो की मराठीचे ते पुस्तक या ग्रंथालयात नाही. ज्या गावात मराठी ही अनेक भाषांतली एक आहे, तिथे याचा परिणाम दूरवर जातो. न सापडणाऱ्या पुस्तकाला मागणी नसते, आणि मागणी नसलेले पुस्तक पुढच्या छाननीत बाहेर निघते. म्हणून माझे आजचे म्हणणे एवढेच आहे: आपल्या भाषेविषयीचे काही निर्णय डेटाबेसच्या आत फंक्शनच्या रूपाने लिहून ठेवलेले असतात. ते शोधता येतात, वाचता येतात, आणि भाषा जाणणाऱ्यांनी ते वाचलेच पाहिजेत.

फंक्शन म्हणजे काय?

आज बहुतेक संस्थांची माहिती रिलेशनल डेटाबेसमध्ये असते. या पद्धतीची मांडणी एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये काम करत असताना केली. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्त्यांमधले नाते सामाईक मूल्यांनी जोडायचे, हा तिचा गाभा. पुस्तकांचा एक तक्ता, लेखकांचा दुसरा, देवघेवीचा तिसरा. लेखकाचे नाव एकदाच लिहायचे आणि प्रत्येक पुस्तकापुढे त्याचा क्रमांक टाकायचा.

या तक्त्यांच्या शेजारीच डेटाबेसमध्ये काही नियमही साठवता येतात. अशा नियमाला नाव असते, तो काही घेतो आणि काही देतो. शब्द दिला की त्याचे पहिले अक्षर द्यावे, शके दिला की इसवी सन द्यावा, असे त्याचे काम. गणिताच्या मराठी पुस्तकांत यासाठी ‘फल’ हा शब्द आहे. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली दारुल तर्जुमा स्थापन होऊन ज्या शहरात विज्ञानाची अवघी परिभाषा उर्दूत घडवली गेली, तिथे मराठी प्रतिशब्दाला कोणी हसणार नाही. पण हे काम करणारी सगळी माणसे ‘फंक्शन’ म्हणतात, म्हणून मीही आज तोच शब्द वापरतो.

साठवलेल्या फंक्शनचा फायदा असा की नियम एकदा लिहिला की खिडकीवरचा कारकून, संकेतस्थळावरचा वाचक आणि वर्षाअखेरचा अहवाल हे तिघेही तोच नियम वापरतात. तोटाही तिथेच आहे. नियम चुकला तर तिन्ही ठिकाणी सारखाच चुकतो, आणि पडद्यावर तो कुठेच दिसत नाही. लिहिणारा नोकरी सोडून जातो, नियम मात्र रोज काम करत राहतो.

सूचीची सूची

मग हे फंक्शन शोधायचे कुठे? ग्रंथालयाच्या लोकांना उत्तर पटकन कळेल. ज्याप्रमाणे ग्रंथालयाला सूची असते, त्याप्रमाणे डेटाबेसलाही स्वतःची सूची असते. कोणते तक्ते आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत, कोणती फंक्शने आहेत, हे सगळे तो स्वतःच्याच काही तक्त्यांत लिहून ठेवतो. कॉड यांनी १९८५ मध्ये रिलेशनल डेटाबेसचे जे नियम सांगितले, त्यांतला चौथा नियम हाच आहे: डेटाबेसचे वर्णनही साध्या माहितीसारखेच तक्त्यांत असावे आणि ज्यांना परवानगी आहे त्यांना ते त्याच भाषेत विचारता यावे. पुस्तक शोधायला जी प्रश्नभाषा, तीच नियम शोधायला. वेगळी विद्या लागत नाही.

आता आज्ञा सांगतो. त्या टाइप करताना रोमन लिपीत कराव्या लागतात; इथे मी त्यांचे उच्चार सांगतो.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये फंक्शनांची सूची ‘पीजी_प्रॉक’ या तक्त्यात असते. ‘पीएसक्यूएल’ या खिडकीत उलटी तिरकी रेघ आणि पुढे ‘डीएफ’ असे लिहिले की तुमच्या संस्थेसाठी लिहिलेली फंक्शने दिसतात: नाव, घेतो काय, देतो काय. थेट ‘पीजी_प्रॉक’ वाचू गेलात तर डेटाबेसची स्वतःची हजारो फंक्शने समोर येतात आणि नवखा माणूस घाबरतो. त्यासाठी ‘स्कीमा’ म्हणजे कप्पा सांगावा. डेटाबेसची अंगची फंक्शने ‘पीजी_कॅटलॉग’ या कप्प्यात असतात, आपली बहुधा ‘पब्लिक’ नावाच्या कप्प्यात.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबीमध्ये ‘शो फंक्शन स्टेटस’ ही आज्ञा यादी देते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये यादी ‘सिस.ऑब्जेक्ट्स’मध्ये आणि मजकूर ‘सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्स’मध्ये मिळतो. ओरॅकलमध्ये ‘यूजर_सोर्स’ या दृश्यात फंक्शनचा मजकूर ओळी-ओळीने ठेवलेला असतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर या तिघांत ‘इन्फर्मेशन_स्कीमा’ नावाचा प्रमाणित कप्पाही आहे. त्यातले ‘रूटीन्स’ हे दृश्य एकदा ओळखीचे झाले की डेटाबेस बदलला तरी वाट सापडते.

एक इशारा इथेच देतो. सगळेच नियम डेटाबेसमध्ये असतील असे नाही. ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या कोहा या प्रणालीचे बरेचसे नियम तिच्या पर्ल भाषेतल्या कार्यक्रमात असतात, आणि शोधाचे काम झेब्रा किंवा इलास्टिकसर्च या वेगळ्या यंत्रणा करतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ग्रंथालयाची चौथी आवृत्ती पोस्टग्रेसवर चालते. काही संस्थांनी स्वतःसाठी वेगळी सूची करून घेतलेली असते. तेव्हा पहिला प्रश्न ‘नियम काय आहे’ हा नसून ‘नियम कुठे आहे’ हा असावा. डेटाबेसमध्ये काहीच सापडले नाही, तर तेही उत्तरच आहे. पुढचा शोध मग कार्यक्रमात करायचा.

मजकूर वाचताना

नाव सापडले, आता आतला मजकूर. पोस्टग्रेसमध्ये उलटी तिरकी रेघ, ‘एसएफ’ आणि फंक्शनचे नाव लिहिले की संपूर्ण व्याख्या दिसते. मायएसक्यूएलमध्ये ‘शो क्रिएट फंक्शन’. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसपी_हेल्पटेक्स्ट’. कधी व्याख्येच्या जागी काहीच येत नाही. याचा अर्थ फंक्शन रिकामे आहे असा नव्हे. तुम्हाला ते वाचण्याची परवानगी नाही, किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिहिणाऱ्याने ते मुद्दाम कुलूपबंद केले आहे. मायएसक्यूएलमध्ये दुसऱ्याच्या फंक्शनचा मजकूर परवानगीशिवाय दिसत नाही. पोस्टग्रेसच्या ‘रूटीन्स’ दृश्यातही फक्त मालकालाच मजकूर दिसतो. ‘पीजी_प्रॉक’मध्ये मात्र तो सहसा सर्वांना वाचता येतो.

व्याख्या हाती आली की पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नाव आणि ते काय घेते. पोस्टग्रेसमध्ये एकाच नावाची दोन फंक्शने असू शकतात; एक शब्द घेते, दुसरे संख्या. मराठीत ‘कर’ म्हणजे हात, सरकारी पट्टी आणि ‘करणे’ची आज्ञाही; वाक्य पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही. तसेच इथेही. फंक्शनला देवनागरी नावही देता येते. मात्र नावाची मर्यादा ६३ बाइटांची असते आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे फार तर २१ चिन्हे.

दुसरी, भाषा. एसक्यूएल किंवा पीएल-पीजीएसक्यूएल असेल तर मजकूर समोर वाचता येतो. सी भाषेतले असेल तर डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता असतो, मजकूर बाहेर.

तिसरी, स्थिरता. ‘इम्यूटेबल’ असे लिहिलेले असेल तर लिहिणाऱ्याने वचन दिले आहे की तोच शब्द दिला तर उत्तर कायम तेच येईल. डेटाबेस या वचनावर विश्वास ठेवतो, ते तपासून पाहत नाही.

चौथी, अधिकार. ‘सिक्युरिटी डिफायनर’ असेल तर फंक्शन वापरणाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या अधिकाराने चालते. हे कुलमुखत्यारपत्रासारखे आहे. कोणाला दिले आणि कशासाठी, हे पाहून घ्यावे.

पाचवी, त्याला बोलावते कोण. साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेले एक फंक्शन दुसऱ्याला बोलावत असेल तर त्याची नोंद पोस्टग्रेस वेगळी ठेवत नाही. त्यासाठी इतर फंक्शनांच्या मजकुरातच ते नाव शोधावे लागते. ‘पीजी_प्रॉक’मधल्या ‘प्रोसोर्स’च्या रकान्यात, म्हणजे ‘पीआरओएसआरसी’त, हा शोध घेता येतो. आवृत्ती १४ पासून एसक्यूएल फंक्शनचा मजकूर वेगळ्या रूपातही ठेवता येतो आणि मग हा रकाना रिकामा असतो, एवढे लक्षात ठेवावे.

याच रकान्यात भाषेच्या माणसाला करता येण्याजोगा एक सुंदर प्रयोग आहे. ‘ज्या फंक्शनच्या मजकुरात ळ आहे ती सगळी दाखव’ असे विचारा. मग क्ष विचारा, ज्ञ विचारा. एकही सापडले नाही, तर मराठीच्या या अक्षरांचा विचार निदान इथे तरी कोणी केलेला नाही.

पहिले अक्षर कोणते?

आता तीन उदाहरणे घेऊ. समजा, सूचीत ‘आद्याक्षर’ नावाचे फंक्शन आहे आणि त्याचा मजकूर एका ओळीचा आहे: शब्दाच्या डावीकडचे एक चिन्ह घ्या. वाचायला अगदी निर्दोष. पण संगणक ज्याला एक चिन्ह म्हणतो ते आपले अक्षर नव्हे. ‘सुलतान’ या शब्दात आपण चार अक्षरे मोजतो: सु, ल, ता, न. युनिकोडच्या हिशेबात स, उकार, ल, त, काना, न अशी सहा चिन्हे होतात. ‘सुलतान बाजार’ मधली जागा धरून बारा चिन्हे, आणि यूटीएफ-आठ या पद्धतीत चौतीस बाइट. एकाच पाटीची तीन मोजमापे. फंक्शनमध्ये ‘लांबी’ असा शब्द दिसला की कोणती लांबी, हे विचारलेच पाहिजे.

तर ‘आद्याक्षर’ला ‘क्षमा’ द्या. त्यातली चिन्हे क, हलन्ताची खूण, ष, म, काना. डावीकडचे पहिले चिन्ह क. ‘क्षमा’ क मध्ये जाते. ‘ज्ञानेश्वरी’ ज मध्ये जाते. बाकीचे हजारो शब्द बरोबर लागतात, म्हणून चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

ही चूक आहे का, असे कोणी विचारेल. क्ष हे क आणि ष यांचे जोडाक्षरच आहे, मग क मध्ये लावले तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात क्ष आणि ज्ञ यांना विशेष संयुक्त व्यंजने म्हणून आणि ळ ला स्वतंत्र वर्ण म्हणून जागा दिली आहे. शाळेतले मूल वर्णमाला म्हणताना ह, ळ, क्ष, ज्ञ असे संपवते आणि सूचीतही तिथेच शोधते. कोशकाराने वेगळा क्रम ठरवला तर तो प्रस्तावनेत तसे सांगू शकतो. फंक्शनला प्रस्तावना नसते. इथे निर्णय भाषेचा होता, तो कोणी न घेताच घेतला गेला, ही खरी अडचण.

ळ चे तसेच. युनिकोडच्या तक्त्यात ळ हे ल च्या लगेच पुढे आहे. निव्वळ संकेतांकांच्या क्रमाने लावले तर यादी अशी येते: कल, कळप, कवी, कष्ट, कसब, कहर. वर्णमालेच्या क्रमाने ती अशी हवी: कल, कवी, कष्ट, कसब, कहर, कळप. दहा ओळींच्या यादीत फरक जाणवत नाही. दहा हजार नोंदींच्या सूचीत ‘कळप’ शोधणारा शेवटच्या पानावर जातो आणि हात हलवत परत येतो.

इथे आपल्या तेलुगू शेजाऱ्यांची आठवण ठेवावी. तेलुगू वर्णमालेतही ळ हा वर्ण ह नंतर म्हणतात, आणि युनिकोडच्या तेलुगू तक्त्यातही तो ल च्या पुढे बसवला आहे. भारतीय लिप्यांचे हे तक्ते इस्कीच्या एकाच साच्यावरून बेतले गेले. त्यामुळे एकाच बाजारातल्या दोन भाषांना एकच प्रश्न भेटतो, आणि एका भाषेने लिहिलेले उत्तर दुसरीला उपयोगी पडू शकते.

उपाय नवीन शोधायचा नाही. युनिकोड कन्सॉर्टियमच्या सीएलडीआर या संग्रहात मराठीचा वेगळा क्रमनियम आहे आणि त्यात ळ हे ह नंतर येते. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ‘आयसीयू’चे क्रमनियम वापरता येतात, मराठीच्या नियमाचे नाव ‘एमआर-एक्स-आयसीयू’. फंक्शनच्या मजकुरात किंवा रकान्याच्या वर्णनात ‘कोलेट’ हा शब्द शोधा आणि त्यापुढे काय लिहिले आहे ते पाहा. तिथे नुसते ‘सी’ असेल तर बाइटांचा क्रम चालू आहे, मराठीचा नव्हे.

दर्या आणि दऱ्या

दुसरे उदाहरण शोधाचे. समजा, ‘शोधरूप’ नावाचे फंक्शन आहे. वाचकाचा शब्द आणि सूचीतला शब्द दोन्ही त्यातून काढायचे आणि मग जुळवायचे. हेतू चांगला आहे: रिकाम्या जागा, विरामचिन्हे, न दिसणारी चिन्हे काढून टाकावीत. लिहिणाऱ्याने न दिसणाऱ्या चिन्हांत शून्य-रुंदीचे जोडचिन्हही धरले.

मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. दुसऱ्या शब्दातला अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे वेगळे चिन्ह वापरतात. दुसरीत साधा र, हलन्ताची खूण आणि ते न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, साठवण मात्र वेगळी. युनिकोडचे प्रमाणीकरणही या दोघांना एक करत नाही. आता दुसऱ्या रीतीच्या शब्दातून जोडचिन्ह काढले की काय उरते? दर्या. डोंगरदऱ्या समुद्रात बुडाल्या, आणि पहिल्या रीतीने लिहिलेल्या दऱ्या तशाच बाजूला राहिल्या. आचार्यास आणि आचाऱ्यास यांचे काय होईल ते तुम्हीच ओळखा. पाठशाळा आणि स्वयंपाकघर यांतला भेद एका न दिसणाऱ्या चिन्हावर उभा आहे.

ॲ चेही असेच. हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीचे आणि नंतरचेही पुष्कळ लेखन अ वर अर्धचंद्र देऊन झालेले आहे. दिसायला एकच, जुळवायला दोन. चांगल्या ‘शोधरूप’ने आधी या जोड्या एकरूप करायच्या आणि मगच साफसफाई करायची. क्रम उलटला की अर्थ जातो. मजकूर वाचताना ‘रिप्लेस’ हा शब्द जिथे जिथे दिसेल तिथे थांबून विचारा: हा कोणते चिन्ह काढतो, आणि ते काढल्यावर मराठीतले कोणते दोन शब्द एक होतात? या प्रश्नाचे उत्तर प्रोग्रामरला सुचणार नाही. ते शाळेतल्या मराठीच्या शिक्षकाला सुचेल.

शके की फसली?

तिसरे उदाहरण खास आपल्या शहराचे. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतो. इसवी सन काढायला चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि त्यानंतर फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९ मिळवतात. म्हणून शके १८२९ चा आरंभ १९०७ मध्ये आणि अखेर १९०८ मध्ये. महिना ठाऊक नसेल तर फंक्शनने दोन्ही साले द्यायला हवीत. बहुतेक वेळा मजकुरात नुसते ‘अधिक ७८’ असते.

हैदराबाद संस्थानात मात्र सरकारी कागदांवर फसली सन चालत असे. इथल्या फसलीचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि डिसेंबरअखेरपर्यंत ५९० व त्यानंतर ५९१ मिळवले की इसवी सन मिळतो. फसली १३१७ म्हणजे १९०७-०८. आता नोंद करणाऱ्याने रकान्यात नुसते ‘१३१७’ लिहिले आणि फंक्शनने ते शके समजून ७८ मिळवले, तर पुस्तक १३९५ चे ठरते. भारतात पहिला छापखाना गोव्यात आला तो १५५६ मध्ये! हे साल हास्यास्पद आहे म्हणून पकडले तरी जाईल. पण नोंदीत सनाचा प्रकारच लिहिलेला नसेल, तर फंक्शन कितीही हुशार असले तरी ते अंदाजच करणार. असे फंक्शन वाचल्यावर कळते की दुरुस्ती फंक्शनमध्ये नव्हे, तक्त्यात हवी. सनाच्या प्रकारासाठी एक रकाना हवा. मजकूर वाचण्याचा हा मोठा लाभ आहे. दोष नियमात आहे की नोंदीत, हे त्याशिवाय ठरवता येत नाही.

दुरुस्तीनंतरच्या दोन गोष्टी

समजा, चुकीचा नियम सापडला आणि दुरुस्त झाला. तरी काम संपत नाही. शोध वेगाने व्हावा म्हणून पुष्कळदा फंक्शनची उत्तरे आधीच काढून ‘इंडेक्स’मध्ये ठेवलेली असतात. ‘इम्यूटेबल’चे वचन इथेच वापरले जाते. फंक्शन बदलले तरी इंडेक्समधली जुनी उत्तरे आपोआप बदलत नाहीत. ‘रीइंडेक्स’ ही आज्ञा देऊन तो नव्याने बांधावा लागतो. नाहीतर नियम नवा, सूची जुनी, आणि ‘दुरुस्त केले तरी सापडत नाही’ ही तक्रार कायम.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. संस्था नवा संगणक घेते, जुनी माहिती नव्यात नेते. मायएसक्यूएलची ‘मायएसक्यूएलडंप’ ही नेहमीची नक्कल-आज्ञा ‘रूटीन्स’ असे वेगळे सांगितल्याखेरीज साठवलेली फंक्शने नक्कलेत घेत नाही. तक्ते सगळे पोचतात, नियम मागे राहतात. कोणी मराठीसाठी कष्टाने लिहिलेले ‘शोधरूप’ जुन्या यंत्राबरोबर भंगारात जाते. म्हणून स्थलांतराच्या आधी आणि नंतर फंक्शनांची यादी काढून दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. ज्याला पुस्तकांची शिरगणती करता येते, त्याला हे जमेल.

आपण काय करावे?

इथे बसलेल्यांपैकी प्रत्येकाने प्रोग्रामर व्हावे असे मला सुचवायचे नाही. तीन कामे मात्र आपल्याच वाट्याची आहेत.

शिक्षकांनी आणि लेखकांनी कसोटीचे शब्द द्यावेत. एक पान पुरेल: क्षमा, ज्ञानेश्वरी, कल, कवी, कळप, दर्या, दोन्ही रीतींनी लिहिलेले दऱ्या, दोन्ही रीतींचा ॲ, सुलतान आणि सुल्तान. प्रत्येकापुढे अपेक्षित उत्तर लिहावे: हा शब्द कुठे लागावा, कोणाशी जुळावा, कोणाशी जुळू नये. कोणतीही सूची बदलली की हे पान पुन्हा चालवावे.

विद्यार्थ्यांनी वाचण्याची परवानगी मागावी, बदलण्याची नको. पोस्टग्रेस विनामूल्य मिळते. घरच्या संगणकावर ते घालून ‘आद्याक्षर’ आणि ‘शोधरूप’ स्वतः लिहून पाहावीत, मोडून पाहावीत. भाषाशास्त्राचा विद्यार्थी जेव्हा स्वतःच्या फंक्शनमध्ये ‘क्षमा’ घालून क मिळालेला पाहतो, तेव्हा वर्ण, अक्षर आणि चिन्ह यांतला फरक त्याला पुन्हा शिकवावा लागत नाही.

आणि ज्यांच्या हाती संस्था आहे, त्यांनी प्रत्येक फंक्शनला मराठीत टीप लिहवून घ्यावी. पोस्टग्रेसमध्ये ‘कॉमेंट ऑन फंक्शन’ ही आज्ञा त्यासाठीच आहे. टीप डेटाबेसच्या सूचीतच राहते आणि पुढच्या माणसाला फंक्शनबरोबरच दिसते. ‘क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी लावले आहेत, ळ हे ह नंतर, सनाचा प्रकार न कळल्यास उत्तर देऊ नये’ अशी दोन ओळींची टीप पुरे. कोशाला जशी प्रस्तावना, तशी फंक्शनला ही टीप. ती लिहायला चांगले मराठी येणारा माणूस लागतो, आणि तो इथेच आहे.